काटेसावरीवरची पिसे

तळसरवाडीच्या कोंडीवर एक काटेसावर उभी आहे. तिच्या बुंध्यावर काट्याकाट्याला कोंबड्याची पिसे टोचलेली दिसतात. काही ताजी, तांबडी. काही ऊनपावसाने पांढरी पडलेली. नवखा माणूस ती पाहतो आणि समजतो की इथे कोंबडे कापतात. तसे नाही. या कोंडीवर आजवर एकही कोंबडा कापलेला नाही.

कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. हिरडी नदी डोंगरावरून उड्या मारत येते ती इथे थांबते, आणि मग खालच्या धबधब्याकडे जाते. कोंडीत खडस आहेत. मोठ्या खवल्यांचा, उन्हात सोन्यासारखा दिसणारा हा मासा. दोन-दोन हात लांबीचे आहेत. हल्ली शहरातून माणसे येतात. त्यांच्याजवळ घडीच्या काठ्या असतात, आणि डबीत गळाला पिसे बांधून केलेल्या बारीक माश्या ओळीने लावलेल्या असतात. त्यांनी धबधब्याखाली हवा तेवढा गळ टाकावा. कोंडीत टाकू नये. नुसते पीस टाकायला हरकत नाही. पीस चालते आणि गळ का चालत नाही, ते सांगतात ते असे.

फार जुनी गोष्ट. घाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता, पाऊलवाट होती. वाडीत भोयांची सात घरे. घाटावरून डोली वाहायची, ओझी वाहायची, आणि फाल्गुन लागला की मासे धरायचे, एवढाच त्यांचा धंदा. त्या सात घरांत सुभाना भोई हा वडीलधारा. त्याच्यासारखा पिसावर मासा धरणारा साऱ्या खोऱ्यात नव्हता म्हणे.

त्याची रीत वेगळी होती. दुसरे लोक गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावत. सुभाना गळाला कोंबड्याच्या मानेचे पीस तांबड्या धाग्याने बांधी. कळकाची लवचीक काठी, घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेली दोरी. फाल्गुनात उन्हे कलली की पाण्यातून पंखांचे किडे वर येतात आणि पाण्यावर नाचतात. खडस त्यांना टिपायला वर येतो. त्या किड्यांत सुभानाचे पीस नाचे. "पीस टाकायचं न्हाई, पडू द्यायचं," असे तो म्हणे. बाकी तो फार बोलत नसे.

त्याचा एक नेम होता, आणि तो त्याच्या आज्यापासून चालत आला होता. उन्हाळा चढतो तशी नदीची धार बारीक होते. एक दिवस ती तुटते. मग वरचा डोह वेगळा, खालचा वेगळा. कोंडीतला मासा कोंडीतच अडकतो. धार तुटली की सुभाना निरगुडीची डहाळी तोडून कोंडीच्या वाटेवर आडवी बांधी. त्या दिवसापासून पावसापर्यंत कोंडीत गळ पडत नसे. "दारं लावलेल्या घरात शिरून मारायचं, ही काय मर्दुमकी न्हवं," हे त्याचे बोलणे. इतर डोहांत लोक जहरी फळे ठेचून टाकत आणि सगळाच मासा उताणा पाडत. कोंडीला कोणी हात लावत नसे. सुभानाची डहाळी ओलांडायची छाती कोणाची नव्हती.

सुभानाला दोन मुले. थोरली ठकू, ती खालच्या खोऱ्यात दिलेली. धाकटा गुणाजी. गुणाजी बापाच्या हाताखाली पीस बांधायला शिकला, पण त्याचे मन त्यात फार नव्हते. पीस पडेपर्यंत थांबायचे, मासा येईपर्यंत थांबायचे, हे त्याला जमत नसे.

त्या वर्षी शिमग्याला ठकू तीन वर्षांनी माहेरी आली. सासरी तिचे हाल होते. अंगावर मांस नव्हते. पण तोंड तसेच होते.

"काय रं गुण्या, बहीण आली तर भाकरीसंगं मीठच का?" ती म्हणाली. "का मासं बी सासरला गेलं?"

गुणाजीला ते लागले. दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन निघाला. कोंडीच्या वाटेवर निरगुडीची डहाळी आडवी बांधलेली होती. धार त्याच सकाळी तुटली होती. डहाळीची पाने अजून कोमेजली नव्हती. गुणाजी तिथे किती वेळ उभा राहिला ते कोणी पाहिले नाही. मग त्याने डहाळी वर उचलली, खालून वाकून गेला, आणि परत होती तशी केली.

त्या संध्याकाळी ठकूच्या ताटात खडसाचे कालवण होते. ती तीन वर्षांची भुकेली होती. तिने बोटे चाटली. सुभानाच्या ताटातही तुकडा वाढला होता. त्याने तो पाहिला. मग गुणाजीकडे पाहिले. ताट पुढे सारले आणि उठला.

"आबा, बरं न्हाई का?" ठकूने विचारले.

सुभाना बोलला नाही. त्या दिवसापासून तो कोणाशीच बोलला नाही. रंगपंचमीला सकाळी अंथरुणातच गेलेला सापडला.

गुणाजीला काही कळेना. आबा रागाने गेला, की वय झाले म्हणून गेला? एका माशापायी कोणी मरतो का? आणि मासा तर बहिणीसाठी धरला होता. त्याने कोणाला काही सांगितले नाही. सांगायचे तरी काय, हेच त्याला ठरवता येईना.

दहाव्या दिवशी, फाल्गुन वद्य चतुर्दशीला, पिंड द्यायला सगळे कोंडीवर गेले. गुणाजीने डोके भादरले होते. गावचा गुरव लखू तात्या सांगे आणि गुणाजी करी. कोंडीच्या काठाला पाण्यालगत एक उतरता खडक आहे, सावरीच्या बरोबर खाली. त्यावर पळसाचे पान मांडून भाताचा पिंड ठेवला. दहाव्याला बायका तिथवर येत नसत. ठकू आली. तिला अडवणार कोण?

पिंड ठेवला की कावळ्याने शिवायचे असते. शिवला तर गेलेल्या माणसाचा जीव निवांत आहे. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली आहे. मग घरच्यांनी हात जोडून बोलायचे, कबूल करायचे. नेमकी इच्छा बोलली गेली की कावळा येतो. ही रीत सगळीकडे आहे.

कावळे होते. वीस-पंचवीस तरी होते. पण फाल्गुन महिना, सावर लालभडक फुललेली. सगळे कावळे वर फुलांत चोची घालून मध पीत बसलेले. खाली पाहायला कोणी तयार नाही.

माणसे मागे सरली. वाट पाहिली. सूर्य डोक्यावर आला.

"बोल काहीतरी," लखू तात्या गुणाजीला म्हणाला. "म्हाताऱ्याच्या मनात काय व्हतं?"

"आबा, घर शाकारून घेतो," गुणाजी म्हणाला. कावळा हलला नाही.

"आबा, तुझ्या नावानं कोंडजाईला नारळ देतो." नाही.

"आक्काला दर वर्साला माहेरी आणतो." नाही.

मागून कोणी म्हणाले, "तंबाकूचं बोल. तंबाकू लई प्यारी व्हती." तंबाखूचेही बोलून झाले. वरून सावरीचे एक फूल धप्पकन पाण्यात पडले. एक खडस वर आला, फूल ढोसून खाली गेला. तेवढेच.

ऊन कलले. लखू तात्याने उपरण्याने घाम पुसला. "दर्भाचा कावळा करू," तो म्हणाला. "तो लावला पिंडाला की झालं. शास्त्राला मान्य हाय."

"दर्भाचा कावळा परक्याच्या बापाला," गुणाजी म्हणाला. "माझ्या बापाला न्हाई."

"मग बस."

गुणाजी बसला. आपल्याला ठाऊक आहे ते बोलायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. बोलला असता तर सात घरांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. न बोलला तर बाप अधांतरी राहणार. त्याला वाटे, आबाला गळाचाच राग आहे. मग वाटे, कशावरून? आबा स्वतः जन्मभर गळ टाकतच होता की.

ठकूचे वेगळे चालले होते. तिला दुसरेच ठाऊक होते. शिमग्याच्या दिवशी सुभाना तिच्याजवळ एकच वाक्य बोलला होता. "माझ्यामागं पीस बांधणारं कोण न्हाई." तेव्हा तिने ते कानाआड केले होते. आता ते तिला आठवले. आपण तेव्हा काहीच बोललो नाही, याचे तिला वाईट वाटले.

आणि मग असे झाले की दोघे एकदम उठली. गुणाजी खडकाच्या या अंगाला, ठकू त्या अंगाला. दोघांनी हात जोडले. दोघे एकाच दमात बोलली.

"आबा, म्या पुन्हा गळ हातात धरणार न्हाई," गुणाजी म्हणाला.

"आबा, तुझं पीस आमी बंद पडू देणार न्हाई," ठकू म्हणाली.

शब्द तोंडातून निघतात न निघतात तोच वर दोन कावळे एका फुलावरून भांडले. फूल तुटले. सावरीचे फूल चांगले मुठीएवढे आणि जड असते. ते खाली आले आणि नेमके पळसाच्या पानाच्या कडेला आपटले. पान कलंडले. पिंड घरंगळला, उतरत्या खडकावरून पाण्यात गेला. आणि पाण्यातून एक खडस उठला. असा खडस त्याआधी कोणी पाहिला नव्हता म्हणे. त्याने पिंड तोंडात घेतला, शेपटीचा एक फटका मारला आणि खाली गेला. पाणी हलत राहिले.



सगळे एकदम बोलू लागले. कावळा शिवला की नाही? फूल कावळ्याने पाडले, फूल पानाला लागले, म्हणजे कावळा शिवल्यासारखेच, असे काही म्हणाले. काही म्हणाले, हे म्हणजे मी दगड मारला आणि तुझ्या डोक्याला लागला, तर मी तुला शिवलो असे झाले. पिंड माशाने नेला, त्याचे काय? माशाचा शास्त्रात उल्लेख नाही. सगळ्यांनी लखू तात्याकडे पाहिले.

"माझ्या आज्यानं बी असं सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "पिंड गेला, हे खरं. परत मागायचा न्हाई. चला घरी."

घरी जाताना वाटेवर भावाबहिणीचे जुंपले.

"म्या बोलत व्हते तवा मासा आला," ठकू म्हणाली. "आबाला पीस पायजे व्हतं."

"म्या बोलत व्हतो तवा आला. आबाला गळ नको व्हता."

"गळ नको म्हणजे? जन्मभर काय त्यो जानवं टाकत व्हता पाण्यात?"

"तुला ठावं न्हाई, आक्का."

"काय ठावं न्हाई?"

तोंडापर्यंत आलेले गुणाजीने गिळले. ठकूने त्याच्याकडे पाहिले, पण पुढे विचारले नाही. तिला वाटले, बाप गेल्याने भ्रमला आहे.

वाडीतही दोन तट पडले. वरच्या आळीची तीन घरे म्हणत, गुणाजीचा शब्द मान्य झाला, भोयांनी आता कोंडीत गळ धरू नये. खालच्या आळीची चार घरे म्हणत, ठकूचा शब्द मान्य झाला, भोयांनी पीस टाकलेच पाहिजे. एक शब्द पाळला तर दुसरा मोडतो. आणि दोन्ही शब्द बापाला दिलेले.

गुणाजीने आपला शब्द पाळायला घेतला. घरात नऊ गळ होते. ते त्याने लोहाराकडे नेले आणि आटवून एक खिळा करून आणला. तो खिळा सावरीच्या बुंध्यात ठोकला आणि बापाची काठी त्यावर टांगली. "आता घे म्हणावं," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळले नाही.

ते वर्ष त्याने डोल्या वाहिल्या. खांद्याला घट्टे पडले. पाऊस सरल्यावर इतर डोह लोकांनी जहरी फळे टाकून रिते केले, म्हणून पुढच्या फाल्गुनापर्यंत नदीला मासाच उरला नाही. कोंडीत तेवढा होता. सात घरांची माणसे कोंडीत मासा खेळताना पाहत आणि घरी येऊन आंबील पीत. बायका गुणाजीला ऐकू जाईल असे बोलत. "ह्याच्या बापाचा पिंड माशानं खाल्ला, आन आमचा मासा ह्याच्या शब्दानं." गुणाजी रोज संध्याकाळी कोंडीवर जाऊन बसे. बापाला विचारे, बरोबर करतोय का? पाण्यावर किडे नाचत. खडस ते टिपत. उत्तर येत नसे.

वर्षश्राद्धाला ठकू आली. ती पंचमीला आली ती चतुर्दशीपर्यंत राहिली. चतुर्दशीच्या दुपारी तिने शेजारच्या कोंबड्याची दोन पिसे उपटली. कोंबड्याने तिचे मनगट फोडले. मग ती तांबडा धागा घेऊन कोंडीवर गेली. गुणाजी तिथे बसलाच होता.

तिने खिळ्यावरून काठी काढली. बाईमाणसाने काठीला हात लावायची रीत नव्हती.

"काय करतीस?"

"माझा शबुद पाळते. तू तुझा पाळलास. माझा कुणी पाळायचा?"

"गळ न्हाई. आटवलं सगळं."

"मग नको गळ. म्या पीस म्हणले व्हते. गळ म्हणले न्हवते."

ती दोरीच्या टोकाला नुसते पीस बांधू लागली. तिला बांधता येत नव्हते. धागा सुटे. गुणाजी पाहत राहिला, मग त्याने तिच्या हातातून घेतले आणि तीन वेढ्यांत बांधून दिले. तिने काठी झटकली. दोरी झाडात अडकली. पुन्हा झटकली. पीस दगडासारखे पाण्यावर आपटले.

"टाकायचं न्हाई," गुणाजी म्हणाला. "पडू द्यायचं."

म्हणाला आणि थबकला. हे वाक्य आपल्या तोंडून कधी निघेल असे त्याला वाटले नव्हते.

तिसऱ्या वेळी पीस पडले. किड्यांत किडा होऊन पडले. खडस वर आला. त्याने पीस धरले, काठी वाकली, ठकूचे दोन्ही हात पुढे ओढले गेले. एक श्वास. मग दोरी सैल झाली. मासा पीस सोडून गेला. पीस पाण्यावर तरंगत राहिले.

ठकू मटकन खाली बसली. "गुण्या, त्यानं हात धरला रं," ती म्हणाली. "आन सोडला."

गुणाजीने काठी घेतली. पीस पडू दिले. खडस आला, धरले, ओढले, सोडले. गुणाजीचा हात खांद्यापर्यंत थरारला. हा रुकार की नकार? धरले ते खरे, की सोडले ते खरे? त्याला कळले नाही. पण वर्षभर छातीवर असलेले ओझे त्या ओढीबरोबर पुढे सरकल्यासारखे झाले. आणि तो बोलला.

"आक्का, गेल्या शिमग्याला तू खाल्लास तो मासा ह्या कोंडीतला. धार तुटल्यावरचा. म्या डहाळी उचलून आलो व्हतो. आबानं ताट सारलं ते त्यापायी."

पाण्यावर दोन-तीन फुले पडली.

"आन वर्सभर सांगितलं न्हाईस."

"न्हाई."

"मला म्हणून धरलास?"

"तू मीठभाकरी म्हणालीस."

ठकूने पदराने तोंड पुसले. "मासा गोड व्हता," ती म्हणाली. "ते बी खोटं बोलू नये."

मग ती उठली. ओले पीस दोरीवरून सोडले आणि सावरीच्या एका काट्याला टोचले. का टोचले, ते तिने सांगितले नाही. गुणाजीने विचारले नाही. त्यानेही उरलेले दुसरे पीस शेजारच्या काट्याला टोचले. वाटेवर निरगुडीची डहाळी बांधून दोघे घरी गेली.

संध्याकाळी गुणाजीने सात घरांच्या माणसांना बोलावून डहाळीची गोष्ट सांगितली. काही त्याच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. पण पावसात कोंडीतला मासा नदीभर पसरला. धबधब्याखाली पुन्हा खडस दिसू लागले, आणि भोयांनी तिथे गळ टाकायला सुरुवात केली. कोंडीत मात्र गळ टाकला नाही, नुसते पीस टाकले. दोन्ही तट तेव्हा गप्प झाले, कारण आता कोणाचाच शब्द मोडत नव्हता.

ही गोष्ट अशी सांगतात. सुभानाला खरे काय हवे होते, ते कोणाला कळले नाही. गुणाजीलाही नाही. तो म्हातारा होऊन मेला तेव्हा त्याचा पिंड त्याच खडकावर ठेवला आणि कावळे वर मध पीत बसले, असेही सांगतात. कोणी घाबरले नाही. फुलाची वाट पाहिली.

आजही फाल्गुन वद्य चतुर्दशीला ज्या घरात वर्षभरात माणूस गेले असेल, त्या घरची माणसे कोंडीवर येतात. बाया येतात, पुरुष येतात. गुणाजीचा खिळा सालीत गडप झाला आहे. काठी आता फांदीला टांगलेली असते. दोरीला नुसते पीस बांधतात. कोणी काही मागत नाही, काही कबूल करत नाही. पीस पडू देतात. खडस येतो, धरतो, ओढतो, सोडतो. ज्याच्या हातात काठी असते तो थोडा वेळ तसाच उभा राहतो. त्याला कोणी काही विचारायचे नसते. मग तो पीस सोडतो, सावरीच्या काट्याला टोचतो आणि घरी जातो.